स्वयंपाकघराच्या दारातला गोलकीपर

सेमीफायनल हरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हौदाकडच्या तालमीचा गोलकीपर माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, आणि तो आतला चहा बाहेर येऊ देत नव्हता.

माझी बायको वैजयंता कप पुढे करायची आणि तो हात आडवा घालायचा. हातात ग्लोव्हज, अंगात कालचीच पिवळी जर्सी, गुडघ्यांना मैदानाची माती तशीच. थेंबही न सांडता त्यानं कप धरला, मागे ओट्यावर ठेवला आणि पुन्हा पाय फाकवून, गुडघ्यात वाकून उभा राहिला.

त्याचं नाव निवास. वैजयंताचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा. तिचं माहेर हौदाकडं, आणि आमचं घर चिंचेखालच्या तालमीच्या पाठीमागं. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचेच असतात, आणि समोरच्या तालमीत असं लग्न करणाऱ्याला लोक हसतात, पण फुटबॉलचा हंगाम सोडला तर आमचं बरं चाललं होतं. हंगामात ती कमी बोलायची आणि मी घरी कमी असायचो.

काल शेवटपर्यंत बरोबरी होती. अगदी अखेरीला आम्हाला पेनल्टी मिळाली. आमच्या कुलदीपनं बॉल खाली, डाव्या कोपऱ्यात मारला. निवास तिथं आधीच जाऊन पडला होता. उठून त्यानं बॉल लांब फेकला, त्यांच्या पोरांनी तो तसाच पुढं नेऊन आमच्या जाळ्यात घातला आणि शिट्टी झाली. एवढं मी गिळलं असतं. पण निवास आमच्या गॅलरीकडं चालत आला, एवढ्या गर्दीत मला शोधून काढलं, आणि माझ्याकडं बघत ओठांवर बोट ठेवलं. आजूबाजूच्या सगळ्यांनी वळून मला बघितलं. माझ्याच मेहुण्यानं मला गप्प बसवलं होतं.

घरी आल्यावर मी वैजयंताला सांगितलं होतं की तुझा भाऊ पुन्हा या घरात आला तर धड परत जाणार नाही.

आता तो आला होता. कुठून, कसा, हे मी विचारलं नाही. आयताच सापडला, एवढंच मनात आलं.

“निवास, बाजूला हो,” मी म्हणालो.

“न्हाय दाजी.”

“का?”

“मॅच चालू हाय.”

त्यानं चहा अडवला, मग चहाचा वास अडवला. फोडणीचा तडतड आवाज दारापर्यंत यायचा आणि त्याच्या पंजात थांबायचा. थोड्या वेळानं त्यानं वैजयंताचा आवाज अडवला. त्याच्या काखेखालून मला ती दिसत होती. तिचे ओठ हलत होते, हातवारे चालू होते, ती त्याच्या पाठीवर चापट्याही मारत होती. ऐकू काहीच येत नव्हतं. ती बाहेर यायला निघाली तेव्हा त्यानं तिला दोन्ही हातांनी अलगद धरलं आणि पुन्हा आत ठेवलं.

मी दुकान उघडलं नाही. मोटरसायकलींची सीट शिवायचं माझं दुकान आहे, हंगामात गिऱ्हाईकही सगळं तालमीतलंच. मी सरळ तालमीत गेलो आणि सर्जेराव मान्यांना गाठलं. सर्जेराव आमचे जुने सेंटर फॉरवर्ड. आता साठी उलटलीय, तरी तालमीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. रात्रभर ते आखाड्याच्या कडेला बसून होते आणि त्यांच्या तोंडात कालपासून एकच वाक्य होतं, की याचा हिशेब व्हायला पाहिजे. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, दार केवढं आहे. मी म्हणालो, दारासारखं दार आहे. ते म्हणाले, मग काल होता त्याच्यापेक्षा गोल लहान आहे, आज तो सुटत नाही. हे उलट आहे हे मला कळत होतं, पण ऐकायला बरं वाटलं.

आम्ही परत आलो तोवर सोपा, म्हणजे आमची बाहेरची खोली, लांबला होता. पुढच्या दारातून स्वयंपाकघराचं दार आता लांबवर, दुपारच्या उन्हात दिसतं तसं थरथरताना दिसत होतं. फरशीवर चुन्याच्या रेघा उमटल्या होत्या. भिंतीवरचं घड्याळ, टीव्ही, दिवाण सगळं जागच्या जागी होतं, फक्त एकमेकांपासून दूर गेलं होतं. सर्जेरावांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, फरशी पायानं दाबून बघितली आणि मैदान चांगलं आहे म्हणाले.

कुलदीपला बोलावलं. तो यायला तयार नव्हता, दोघांनी दंडाला धरून आणला. मागोमाग पेठ आली. लोक भिंतींच्या कडेनं उभे राहिले, दिवाणावर चढले, खिडकीच्या गजांना लटकले. कुणीतरी हलगी आणली. निवासच्या नावानं जे जे म्हणता येईल ते सगळं म्हणून झालं. तो कुणाकडं बघत नव्हता. त्याची नजर बॉलवर होती.

कुलदीपनं पहिला फटका उजवीकडं मारला. निवासनं पकडला, मागे स्वयंपाकघरात टाकला. दुसरा वर मारला, तोही गेला. तालमीतले सगळे बॉल एकेक करून आत गेले आणि एकही परत आला नाही. प्रत्येक फटक्यानंतर कुलदीप थोडा फिका पडत होता. ऊन कलायला लागलं तेव्हा त्याच्या जर्सीतून मागची भिंत दिसायला लागली. तो सर्जेरावांना म्हणाला, काका, मला बसू द्या. सर्जेराव म्हणाले, अजून एक. त्या एका फटक्यानंतर फक्त जर्सी उरली. ती खाली पडली. शेजारच्या माणसानं उचलून घडी घातली आणि दिवाणावर ठेवली.

“दुसरा कोण आहे?” सर्जेरावांनी विचारलं.

खरं सांगायचं तर मला तेव्हा मजा येत होती. कालपासून छातीत अडकलेलं काहीतरी मोकळं होत होतं. बॉल संपले तसं लोकांनी हाताला येईल ते फेकायला सुरुवात केली. पाट गेले, तांब्या गेला, टीव्ही गेला. आमच्या लग्नाचा फोटो कुणी फेकला ते मी बघितलं, तो मीच होतो. निवासनं सगळं झेललं. काच फुटू दिली नाही. झेललेलं सगळं तो मागे ठेवत होता आणि स्वयंपाकघर भरत चाललं होतं. वैजयंता आधी ओट्याला टेकून उभी होती. मग ओट्यावर चढून बसली. मग मला तिचा फक्त चेहरा आणि एक हात दिसायला लागला, टीव्ही आणि छत यांच्या मधल्या फटीतून. ती माझ्याकडं बघत होती. मी तिला हातानं खूण केली, की झालंच, थोडं थांब.

तेव्हा निवास पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलला. आवाज चढवला नाही, तरी एवढ्या गोंगाटात तो मला नीट ऐकू आला.

“दाजी, हरलो म्हणा. मी जातो. आक्कापण भाईर येती.”

हलगी थांबली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. काल गॅलरीत बघितलं तसंच.

एक शब्द होता. घरात फक्त मेहुणा आणि मी असतो तर कदाचित म्हणालोही असतो. मी तोंड उघडलं. पण मला त्याचं ते बोट दिसलं, ग्लोव्हजमधलं, ओठांवर टेकलेलं. आत्ता त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, तरी ते बोट मला दिसत होतं. सर्जेराव माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, “बोल की. बायकोसाठी बोल. आम्ही काय मनात धरणार न्हाय.” एवढं बोलून ते माझ्यापासून लांब झाले, आणि त्यांच्यामागोमाग बाकीचेही एकेक पाऊल मागं सरकले.

“तू मर,” मी निवासला म्हणालो.

त्यानं मान डोलावली आणि पुन्हा गुडघ्यात वाकला.

भिंती त्यानंतर आत यायला लागल्या. घाई नव्हती. दिवाण दोन भिंतींच्या मध्ये आला, उभा झाला आणि मिटला. त्याच्यावर चढलेले लोक खाली उतरून माझ्या मागं येऊन दाटले. चुन्याच्या रेघा जवळ आल्या आणि एकमेकींना चिकटल्या. थोड्या वेळात सोपा बोळाएवढा झाला, मग माझ्या खांद्यांएवढा. मागं पेठ होती, अंगणापर्यंत, रस्त्यापर्यंत, आणि प्रत्येकाचा हात पुढच्याच्या पाठीवर होता. पहिला हात माझ्या पाठीवर होता. तो सर्जेरावांचा असावा. वळून बघायला जागा नव्हती.

माझ्या खिशात दुकानातली आरी होती. जाड रेक्झिनला भोक पाडायची, लाकडी मुठीची. ती मी सकाळीच घेऊन ठेवली होती. पहिल्यापासून माझ्या मनात हेच होतं, हे आता लपवण्यात अर्थ नाही. निवासचे हात. दोन्ही पंज्यांच्या मधोमध एकेकदा, आरपार. मग त्याला पुन्हा कधी बॉल धरता आला नसता, आणि पुढच्या हंगामात तो गॅलरीत माझ्या शेजारी बसला असता. मी त्याला शेंगदाणे दिले असते आणि तो ओंजळीत धरू शकला नसता. हे मी सकाळपासून मनात पुन्हा पुन्हा बघत होतो आणि दर वेळी ते जास्त गोड लागत होतं.

आरी मुठीत धरली आणि मी पळालो.

मागून पेठ ओरडली. तो आवाज मला पाठीत लागला आणि मी वेगात आलो. पुढं भिंती आणखी जवळ होत्या, म्हणून मी खांदे आवळले. मग छत खाली आलं, म्हणून मान छातीत घातली. पाय मोकळे टाकता येईनात, म्हणून गुडघे पोटाशी घेतले आणि हातांनी घट्ट धरले. तरीही वेग कमी झाला नाही, उलट वाढला. आरी कुठं पडली कळलं नाही. तिला धरायला मूठच राहिली नव्हती. मी फिरत होतो. छत, फरशी, छत, फरशी, आणि प्रत्येक फेऱ्यात पिवळी जर्सी जवळ येत होती. मी खाली, डाव्या कोपऱ्याकडं चाललो होतो. तिथं त्याचा पाय आणि चौकट यांच्यामध्ये हातभर फट होती, आणि फटीतून स्वयंपाकघराचा उजेड दिसत होता. मला वाटलं, गेलो. मला वाटलं, जिंकलो.

निवास आधीच तिथं पडला होता.

त्यानं मला धरलं. त्याचे पंजे गार होते आणि त्यांना माझ्या बायकोच्या चहाचा वास येत होता. त्यानं मला छातीशी घट्ट घेतलं, एका कुशीवर वळला आणि हळूहळू उठून उभा राहिला. माझ्यामागचा आवाज पार बंद झाला होता. आणि मग, सकाळपासून पहिल्यांदा, मला वैजयंता ऐकू आली. सामानाच्या ढिगामागून, खोलातून.

“निवास, त्यांचा आवाज आल्यासारखा वाटला. आलेत काय रे ते?”

“न्हाय आक्का,” तो म्हणाला. “बॉल हाय.”

मी हाक मारायचा प्रयत्न केला. तोंड कुठल्या बाजूला आहे ते मला सापडेना.

निवासनं मला एकदा फरशीवर आपटून झेललं, बोटांनी चाचपून हवा बघितली, आणि मान वर करून लांब, पेठेच्या डोक्यांवरून, रस्त्यापलीकडं आपला कोण मोकळा आहे ते शोधायला लागला.