कमानीतलं खालून सातवं पुस्तक

मित्रांनो, माझं पोट आरपार फुटलेलं आहे. डोळा लावलात तर पलीकडची भिंत दिसेल. हे वाळवीचं काम नाही आणि उंदराचंही नाही. ती बिचारी भुकेपोटी खातात. हे भोक शिकल्यासवरल्या माणसांनी पाडलं, तेही वाचनाच्या उत्सवासाठी! त्या दिवसापासून मी सुन्न आहे. पण सांगायचं ते तोंड लपवून सांगणार नाही.

मी एकशे अठरा पानांचं एक जुनं गोष्टीचं पुस्तक आहे. छापखान्यात जन्मलो. एका म्हाताऱ्या बाइंडरने दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन मला शिवलं. शेवटचा टाका घालून त्याने दोरा दातांनी तोडला आणि माझी पाठ थोपटली. "जा बाबा, पोरांच्या हाताचा मार खायला," तो म्हणाला. "शंभर जणांनी ओढलं तरी शिवण सुटायची नाही." त्याचा शब्द खरा ठरला.

मी शाळेच्या कपाटात आलो. माझ्यात एका नावाड्याच्या मुलीची गोष्ट आहे. तिचा बाप पुरात वाहून जातो आणि ती एकटी नाव हाकत नदीच्या मुखापर्यंत त्याला शोधायला निघते. मुलांनी ती गोष्ट अक्षरशः ओरबाडून वाचली. कुणी दुधाचा डाग पाडला, कुणी कोपरे दुमडले, पुराच्या पानावर तर कुणाच्या तरी डोळ्यांतलं पाणीही सुकलं आहे. कव्हर गेलं. दुसरं चढवलं, तेही गेलं. ग्रंथपाल बाई खळ लावून, पाठीवर निळी पट्टी चिकटवून मला सांधायच्या आणि म्हणायच्या, "हा आमचा गबाळ्या. याला मेल्याला घटकाभर उसंत नाही." मला ते बक्षिसासारखं वाटायचं. माझ्या वरच्या फळीवर भेट आलेले सोनेरी अक्षरांचे गलेलठ्ठ ग्रंथ होते. त्यांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती, कारण कुणी ती सोडवलीच नव्हती.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि किल्ली चित्रकलेच्या सरांकडे गेली. कपाट आठवड्यातून एकच तास उघडू लागलं. पुस्तक घरी न्यायला बंदी. त्या एका तासात पाचवीतली एक मुलगी मला घेऊन खिडकीत बसायची. ती इतकं विचारायची की वर्गाने तिचं नाव प्रश्नपेटी ठेवलं होतं. ओठ हलवत, ओळीखाली बोट फिरवत वाचायची. तासाला बारा पानं. घंटा झाली की पानाचा आकडा तळहातावर लिहून घ्यायची. नवव्या शनिवारी नाव उलटली, मुलगी काठाला लागली आणि धुक्यातून दुसरी एक नाव येताना दिसली. तेवढ्यात घंटा!

"सर, दहाच पानं राहिलीत," ती म्हणाली. "तो तिचा बाप असेल का हो? घरी नेऊ?"

"नियम म्हणजे नियम," सर म्हणाले. "आठ दिवसांत पुस्तक काय पळून जातंय?"

मी पळालो नाही. मला धरून नेलं.

त्या आठवड्यात गावातली मंडळी आणि शाळा मिळून वाचन महोत्सव करणार होती. सरांना कल्पना सुचली, मैदानाच्या दारात पुस्तकांची कमान! तीनशे पुस्तकं लोखंडी सळयांत ओवायची. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, खूश झाल्या. फक्त म्हणाल्या, "चांगली पुस्तकं नका हं खराब करू. मळकी, फाटकी तेवढीच घ्या."

मित्रांनो, इथे जरा थांबा. शाळेत मळकं पुस्तक कोणतं असतं? जे वाचलं जातं ते. कोरं करकरीत कोणतं? ज्याला कुणी विचारलंही नाही ते. या शहाण्यांनी वेचून वेचून वाचलेली पुस्तकं बाहेर काढली आणि न वाचलेली कपाटात जपून ठेवली. इतकी उघड गोष्ट एकाच्याही डोक्यात शिरू नये?

सुतारकाका ड्रिल मशीन घेऊन आले. त्यांनी मला फळीवर ठेवलं, पानं चाळली आणि हात आखडला.

"सर, हे आरपार जाणार. कडेने पाडू का? अक्षरं तरी वाचतील."

"कडेने पाडलं तर तोल जाईल. मधोमध पाडा."

"मग पोरांनी वाचायचं कसं?"

"अहो, वाचायचं कुठे आहे? कमान करायचीय!"

मशीन घरघरलं. बाइंडरची शिवण सुटली नाही, पण पोटातली अक्षरं कागदाचा भुसा होऊन उडाली. मी डाव्या खांबात खालून सातवा बसलो.

महोत्सवाचा दिवस उजाडला. मुलांच्या गळ्यात पुठ्ठ्याची पुस्तकं अडकवून त्यांना उन्हात उभं केलं होतं. पाहुणे भाषणात म्हणाले, "ही कमान पाहून माझ्या अंगावर काटा आला." काटा म्हणे! माझ्या अंगात सळई होती.

मग प्रश्नपेटी माइकपाशी आली. तिला एकच वाक्य दिलं होतं, 'पुस्तक माझा मित्र आहे.' तिने तोंड उघडलं आणि तिची नजर डाव्या खांबावर गेली. माझ्या पाठीवरची निळी पट्टी तिने ओळखली.

"ते माझं पुस्तक आहे," ती माइकवरच म्हणाली. "खालून सातवं. त्याच्या पोटात सळई घातलीय."

लोक हसले. पाहुण्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाळ, पुस्तकांना काय तोटा? दुसरं वाच की."

"दुसऱ्यात तिचा बाप कसा असेल?"

पुन्हा हशा. सर दात आवळून पुटपुटले, "वाक्य बोल आणि खाली उतर." ती जागची हलली नाही.

तेव्हा मागच्या रांगेतून सुतारकाका उठले. हातात पाना होता. "अहो, हे काय करताय?" मोठ्या बाई ओरडल्या. "मीच आवळलंय, मीच सोडतो," काका म्हणाले. दोघांना वरची आडवी सळई धरायला लावून त्यांनी नट काढला आणि माझ्यावरची पुस्तकं एकेक करून उचलली. पुढच्या रांगेतली मुलं ती हातात घेऊ लागली. एकाने भोकाला डोळा लावून व्यासपीठाकडे पाहिलं. मग दुसरीने. मग सगळ्यांनी. हसणं पटकन थांबलं. पुस्तकाच्या पोटातून पोरं मोठ्या माणसांकडे बघत होती आणि मोठ्या माणसांना मान कुठे वळवावी ते कळेना.

प्रश्नपेटी मला मांडीवर घेऊन पायरीवर बसली आणि मोठ्याने वाचू लागली. पान एकशे नऊ. भोक आलं की थबकायची, आणि मुलं ओरडायची, "काळं पाणी असेल!" "नाही, खोल!" माझ्या उभ्या आयुष्यात इतक्या जणांनी मला एकदम ऐकलं नव्हतं. अंग ठणकत होतं, तरी मला वाटलं, निभावलं बुवा.

मग शेवटचं पान आलं. त्यावर मजकूर अर्धंच पान आहे. म्हणजे शेवटची ओळ बरोबर मधोमध. आणि भोकही मधोमध.

"धुक्यातून उतरलेला तो माणूस तिचा बाप..." तिने वाचलं आणि तिचं बोट भोकात शिरलं.

या खेपेला एकही मूल ओरडलं नाही.

"बाई, पुढे काय आहे?" तिने विचारलं. "होता की नव्हता?"

मोठ्या बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी पाहुण्यांकडे. पाहुण्यांनी घड्याळाकडे. व्यासपीठावर नऊ माणसं होती, मित्रांनो. वाचनाचं महत्त्व सांगायला आलेली नऊ माणसं. त्यांतल्या एकानेही मला वाचलेलं नव्हतं.

"भुशात गेलं गं, पोरी," सुतारकाका खाली बघत म्हणाले. "मीच झाडून टाकला."

वाचनाचा सोहळा जरूर करा. पण कमानी नकोत, पुठ्ठे नकोत. कपाटाचं कुलूप काढा, पोरांना पुस्तकं घरी नेऊ द्या आणि वाटेतून बाजूला व्हा. मळक्या पुस्तकाला आधी हात जोडा, मग हात लावा. आणि तुमच्या घरी माझ्यासारखी दुसरी प्रत असेल, तर एकशे अठरावं पान उघडा आणि त्या मुलीला कळवा. पुस्तकाला स्वतःचं गेलेलं अक्षर सांगता येत नाही. ती मात्र दर शनिवारी येते, मला उघडते आणि विचारते.