खांबाला चिंधी

कात्री उघडेना. दोन्ही पाती एकमेकांना चिकटून बसलेली, मधल्या खिळ्याभोवती तांबूस गंज, आणि मुठीला अजून तो पिवळा दोरा, बोट सोलवटू नये म्हणून चंद्रभागेने कधीतरी गुंडाळलेला... पाच वर्षे झाली की सहा? तिने अंगठ्याने जोर दिला, मग थांबली. द्राक्षाच्या घडातले जास्तीचे मणी काढायची ही वीतभर कात्री वीस हंगाम तिच्या हातात होती, आणि आता हाताला ओळख देत नव्हती.

सकाळी सातलाच झुंबरबाईचा फोन आला होता. झुंबरबाई म्हणजे बागांमध्ये कामाला जाणाऱ्या बायांच्या टोळीची मुकादम.

“जयभीम, चंद्राबाई. सोमवारपासून दिंडोरीकडं मणी विरळायचं, थिनिंगचं काम धरलंय. गाडी साडेसहाला नाक्यावर. येती का नाय, संध्याकाळपर्यंत सांग.”

“बघते.”

“बघते काय? वरीस झालं, तू बघतेच हाये. गाडीत तुझी जागा ठेवलीय, तिथं काय पोतं बसवू? आज नाय म्हणाली तर म्हसरूळची एक जण घेते मी. मग परत मला आवाज द्यायचा नाय.”

फोन ठेवल्यावर तिने फळीवरून कात्री काढली ती उगाच, हातांना काहीतरी हवे म्हणून. नाही म्हणायचे हे तर ठरलेलेच होते. मग ही संध्याकाळची मुदत छातीवर का बसावी... आज नाही म्हटले की ते कायमचे, म्हणून असेल. मग उरेल ही खोली, हा लोखंडी पलंग, आणि पलंगावरच्या माणसाच्या वेळा.

माणूस नव्हता. वेळा होत्या. तिचा नवरा यादव जाऊन वर्ष झाले. त्याआधी चार वर्षे त्याचे अर्धे अंग लुळे आणि तोंडात एकच शब्द उरलेला — बास. पाणी हवे तरी बास, ऊन लागले तरी बास, तिने काही थट्टा केली तर ओठांच्या एका कोपऱ्यातून हसूनही बासच. आणि तिला ते सगळे बास वेगवेगळे ऐकू यायचे. सकाळ-संध्याकाळ सहाला गोळी, दहाला कूस बदलून पाठीला तेल, बाराला भरवणे, चारला दारात उन्हाला बसवणे. अजूनही सहा वाजले की ती पेला भरते, पलंगापाशी जाऊन उभी राहते, आणि मग पाणी तसेच मोरीत ओतते. हे मी कुणाला सांगितलेले नाही. काय सांगणार — की माझे पाय मला विचारत नाहीत?

त्या दिवशी तरी पायांनी कुठे विचारले होते... तो गेल्यावर महिन्याभराने ती टोळीत परतली होती. कामाला लागलीस की सगळे मार्गी लागेल, असे जो तो म्हणत होता. डिपिंग चालू होते — मगमधल्या औषधात एकेक घड बुडवायचा, सोडायचा, पुढे सरकायचे. ओळ संपली की शेवटच्या खांबाला आपली चिंधी बांधायची. म्हणजे ही ओळ झाली, इथे परत यायचे नाही. ही रीत टोळीला घालून दिली ती चंद्रभागेनेच. स्वतःचे लुगडे फाडून तिने नव्या बायांना चिंध्या दिल्या होत्या. आणि तिसऱ्या दिवशी तीच ओळीच्या टोकाला पोचली, क्षणभर खांबाला टेकली, तिला वाटले दहा वाजले असतील, त्यांची कूस बदलायची राहिली... आणि चिंधी कमरेलाच राहिली, आणि ती वळून त्याच ओळीत पुन्हा शिरली. घड ओले होते, बोटांना गार लागत होते, तरी एकेक घड तिने पुन्हा बुडवला. दोनदा औषध बसले की देठ लाकडासारखे होतात, मणी गळून पडतात. मालक ओरडला नाही. तो नुसता त्या रिकाम्या खांबाकडे बघत राहिला. ओरडला असता तर ती कदाचित चौथ्या दिवशीही गेली असती.

नऊला योगिनीचा फोन आला. मुलगी मनमाडला असते, जावई रेल्वेत आहे.

“आई, काय खाल्लंस?”

“पोहे.”

“खोटं. पोहे संपलेत, परवा तूच म्हणालीस.”

“मग भाकरी म्हण.”

“कालची. आणि ओट्याशी उभं राहून.” पलीकडे कुकरची शिट्टी झाली. “आई, पप्पांना कधी शिळं भरवलंस का गं?”

“आजारी माणसाला कोण शिळं घालतं?”

“तेच म्हणते मी. झुंबरमावशीला काय सांगितलंस?”

“बघते म्हटलं.”

“बघ मग. पण नीट बघ.”

दहा वाजले तसा हात कोनाड्यातल्या तेलाच्या बाटलीकडे गेला. रोजच जातो, रोज ती बाटली पुसून परत ठेवते. आज ती हातातच राहिली. कोण शिळं घालतं... तिने कात्रीच्या खिळ्यावर दोन थेंब सोडले, आणि मग, का ते तिला सांगता आले नसते, पण ती पलंगावर बसली. वर्षभरात त्या पलंगावर ती टेकली नव्हती. साडी गुडघ्यापर्यंत ओढून तिने पाय पुढे घेतला.

कुणाचा हा पाय? टाचेला भेगा, एका भेगेत माती बसून काळी रेघ झालेली. नखे वाढून वळलेली. दर रविवारी त्यांची नखे कापणारी मी. चार वर्षांत त्यांच्या पाठीवर एक चट्टा उठू दिला नाही; दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या पेशंटच्या घरच्यांना बोलावून ती पाठ दाखवली होती. माणसाचे अंग सांभाळणे मला येते. येते की. मग हे अंग कुणाचे म्हणून असे टाकून दिले?

तेल भेगेत उतरताना चुरचुरले. बोटे आपली आपण चालत होती, टाचेकडून घोट्याकडे, गोल, जिथे दुखते तिथे हलकी...

“हं, आता दुसरा पाय,” ती मोठ्याने म्हणाली, त्याला म्हणायची त्याच सुरात, आणि दचकली, आणि मग एकटीच तोंडाला पदर लावून हसत बसली.

बाराला तिने भाकरी केली. एकच, पण ताजी. ताट घेतले, पाट घेतला, बसली. पहिला घास मोडला, फुंकला, आणि हात तसाच हवेत थांबला, समोरचे तोंड उघडायची वाट बघत. तो घास स्वतःच्या तोंडापर्यंत आणणे हे त्या दिवसातले सगळ्यांत लांबचे काम होते. भाकरी गरम होती. एवढेच. पण त्या एवढ्याशाने तिचे डोळे भरून आले आणि मीठ कमी पडले नाही.

चारला तिने खुर्ची दारात काढली. नोव्हेंबरचे ऊन, सोसणारे. शेजारची सुवर्णा नळावरून कळशी घेऊन येताना थबकली.

“खुर्ची बाहेर आज? पाहुणं येणारे का कुणी, मावशी?”

“आलंय. बसलंय.”

सुवर्णा हसत गेली. चंद्रभागेने मांडीवरची कात्री दाबली. करकरली, अडली, उघडली. तिने हवेतच दोनदा चालवून पाहिली, शेजारच्या मण्याला टोक न लावता मधला मणी काढावा तशी. सोमवारी हेच पाय पुन्हा एखाद्या झालेल्या ओळीत शिरले तर? ऊन पायांवरून हळूहळू उंबऱ्यावर गेले, आणि ती बसून राहिली, कारण चारला बसवलेल्या माणसाला ऊन उतरेपर्यंत उठवायचे नसते.

सहा. आणि सहा. दहा, बारा, चार... टोकाला जायचे आणि वळून पुन्हा तेच. वर्षभर मी एकाच ओळीत आहे, ओल्या घडांमधून. त्यांच्या चार वर्षांची ती ओळ चांगली झाली होती. एक घड सुटला नव्हता. फक्त खांबाला...

ती आत गेली. पलंगाच्या पायथ्याशी घडी घालून ठेवलेली, यादवच्या अंगाखालची चादर, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. तिने काठाजवळ कात्रीचे टोक लावले आणि एक पट्टी फाडली. ती उकिडवी बसली आणि ती पट्टी तिने पलंगाच्या पायाला बांधली. गाठ घट्ट नाही मारली. बागेतही तशी मारत नाहीत.

फोन वाजू लागला. झुंबरबाईच असणार. सहा वाजले होते आणि चंद्रभागेच्या हातात पाण्याचा भरलेला पेला होता, तो कधी भरला हे आजही तिला आठवत नव्हते. फोन वाजतच होता, काय सांगायचे ते अजून ओठांवर आलेले नव्हते. तिने पेला तोंडाला लावला, आणि पाणी घशातून खाली, छातीतून, पार पोटापर्यंत उतरताना तिला कळत गेले की तहान तिचीच होती.