अंबुबाईचा लव्हाळा

"चोर! चोर!" म्हणत वॉचमन मल्लाप्पा शिट्टी फुंकत तळ्याच्या बांधावरनं पळत आला, तेव्हा अंबुबाई लुगडं खोचून गुडघाभर चिखलात उभी होती. बांधावर पोतं, पोत्यातनं हिरवी पाती डोकावत होती.

"आरं, शिट्टी कुणाला मारतोस? म्हस हाय का मी?"

"अक्का, तळ्यातलं गवत न्यायचं न्हाई. सरकारी हाय."

"नेतंय कोण? आणलंय मी!"

मल्लाप्पाची शिट्टी तोंडातच राहिली. नेणारा चोर कसा धरायचा ते त्याला ठाऊक होतं. आणून घालणाऱ्याचं काय करायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं फोन करून तळ्याचं काम बघणाऱ्या सायबाला बोलावलं.

कन्नड मुलखातल्या देवनहळ्ळीजवळच्या त्या गावात मराठ्यांची दहा-बारा घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. गेल्या साली तळं 'सुधारलं'. जेसीबीनं काठचा सगळा लव्हाळा खरवडून काढला, दगड बसवले, फिरायला वाट केली. न्हाव्यानं डोकं तासावं तसं तळं गुळगुळीत झालं. पण वरच्या नव्या लेआउटमधल्या घरांचं सांडपाणी ओढ्यातनं यायचं, ते आधी लव्हाळ्यात अडायचं, घाण तिथंच टाकायचं आणि निवळून पुढं जायचं. आता ते थेट आत घुसलं. फेस आला, मासे पोट वर करून तरंगले, पाणकोंबड्या परागंदा झाल्या. अंबुबाईची म्हैस पाण्याला तोंड लावीना. बोअरचं पाणी वाहून तिचा नवरा खंडोजी कावला.

"म्हस इकून टाकू," तो म्हणाला.

"तुमाला इकीन, म्हस न्हाई," अंबुबाई म्हणाली आणि बसनं माहेरी गेली. तिथल्या तळ्यातला लव्हाळा मुळासकट पोत्यात भरून आणू लागली आणि ओढ्याच्या तोंडाशी लावू लागली. दोन महिने झाले, बारा पोती लावली होती.

जीप आली. हयवदन सायेब उतरला. पोरगा शहरातल्या बनशंकरीचा, घरात मराठीच बोलणारा, बूट चकचकीत.

"अज्जी, मंजूर प्लॅनमध्ये हे गवत नाही. उपटून टाका."

"अज्जी कुणाची रं? आन् उपटायचं तर तूच उपट."

सायबाला राग आला. पँट वर करून तो बांधावरनं उतरला आणि पहिल्याच बेटाला हात घातला. लव्हाळा हलला नाही. सायेबच मांडीपर्यंत रुतला. जोर लावला तसा आणखी खाली!

"अय्यो, सर!" मल्लाप्पा ओरडला.

"गच्च धर लव्हाळा!" अंबुबाई म्हणाली. "त्येची मुळं तुज्या प्लॅनपरीस घट हायेत."

सायबानं दोन्ही हातांनी बेट कवटाळलं. पाय निघाला, बूट आतच राहिला. चिखलात हात घालून तो बूट शोधू लागला आणि मधेच थांबला. ओढ्याच्या अंगाला काळा फेस होता. बेटाच्या अलीकडं पाणी निवळलेलं, आणि त्याच्या उघड्या पायाला बोटभर मासे टोचत होते. सायबाला गुदगुल्या झाल्या. तो हसायला लागला, तसा मल्लाप्पाही हसला.

"ओढ्याचं सगळं तोंड भरायला अजून किती पोती लागतील?" सायबानं विचारलं.

"चाळीस. म्हातारी माणसं आमी, बसनं किती आणू?"

"सरी, ठरलं तर. सोमवारी जीप घेऊन येतो."

सोमवारी जीप खरंच आली. पुढच्या सीटवर खंडोजी जावयासारखा बसला.

पावसाळा सरता लव्हाळा छातीएवढा झाला, पाणकोंबड्या परतल्या. पेपरात फोटो आला: लव्हाळ्यात हयवदन सायेब हसतोय, मागं चिखलात वाकलेल्या अंबुबाईची नुसती पाठ.

खंडोजी तणतणला, "तळं वाचवलंस तू, आन् तोंड कुठं हाय तुजं ह्यात?"

"तोंडाला काय लोणच्यात घालायचंय? म्हस पाणी प्याली का ते सांगा."

"प्याली की. सकाळधरनं डुंबत बसलीया, बाहीर निघंना. मी हाका मारून दमलो."

अंबुबाईनं पेपर चुलीशेजारी टाकला, काठी उचलली आणि हसत तळ्याकडं चालू लागली.