पितरांचं पान

मी तोंडाची फटकळ, हे काशीतल्या आमच्या मंगला गौरीच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. आमचे हे बरोबर उलटे. गोपीनाथशास्त्री जन्मात कुणाला नाही म्हणाले नाहीत, आणि त्यातच गेले.

ह्यांचं काम श्राद्धाला जेवायचं. हसू नका. पितृपक्षात लोक आपल्या गेलेल्या बापाच्या नावानं पान वाढतात, ते कुणाला तरी जेवावं लागतं. आणि काशीत मराठी ब्राह्मण आता उरलेत किती? पंधरवडाभर ह्यांना रोज कुठून ना कुठून निमंत्रण. वडे, खीर, लाडू, वर तुपाची धार. नियम असा की त्या पानावर नको म्हणायचं नाही. जेवणारा अर्धपोटी उठला तर पितर उपाशी जातात म्हणे.

दोन वर्षांमागे हिवाळ्यात घाटाच्या पायऱ्या चढताना ह्यांची छाती भरून आली. दवाखान्यात स्टेंट बसवला. डॉक्टर आमच्या मुलाच्या, केयूरच्या वयाचा. त्यानं मला समोर बसवून समजावलं. साखर, बीपी, पानातली तंबाखू, तळकट, शिवाय ह्यांचे वडीलही पन्नाशीतच ह्याच दुखण्यानं गेलेले. "माताजी, बाप तो बदल नहीं सकते, बाकी सब बदलिए," म्हणाला. आणि रक्त पातळ करणारी गोळी दाखवली. ही चुकवायची नाही, स्टेंटमध्ये गुठळी होते.

तंबाखूचा डबा मी उकिरड्यावर फेकला. दुधी उकडून घातला. हे तोंड वाकडं करत खात राहिले, सकाळचे चालायलाही जाऊ लागले. मला वाटलं, जमलं बाई एकदाचं.

मग पितृपक्ष आला. निमंत्रण घेतलं की पान होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, हा ह्यांचा हट्ट. म्हणजे सकाळची गोळीही नाही. दुपारी भरपेट जेवून आले की सुस्तावून झोपायचे आणि गोळी राहायची ती राहायचीच. मी भांडले, रडले, ताट आपटलं. "अगं, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे," म्हणाले.

शेवटी मीच घरोघर गेले. जेवायला बसवू नका, शिधा द्या, म्हटलं. तांदूळ-डाळ बांधून दिली तरी श्राद्ध होतं, शास्त्रात सोय आहे. काहींनी ऐकलं. शरदिनीनं नाही ऐकलं. तिचा नवरा बाळशास्त्री ह्यांचा लहानपणापासूनचा जोडीदार, एका पाठशाळेतले दोघं. बाळशास्त्रींच्या वडिलांचं श्राद्ध होतं. "पद्मावहिनी, सासऱ्यांना उपाशी ठेवू का मी?" तिनं विचारलं. मी तिला नाही नाही ते बोलले. मेलेल्या सासऱ्यासाठी माझा जिता नवरा मारशील, इथपर्यंत बोलले.

हे तिच्याकडे जेवून आले. पाठ दुखतेय म्हणाले, गॅस झालाय म्हणून ओवा मागितला. मी ओवा ठेवला बाजूला आणि माणसं बोलावली. आमच्या गल्लीत गाडी कुठली शिरायला. खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत नेईतो सगळं आटोपलं होतं.

यंदा ह्यांचं वर्षश्राद्ध. केयूर पुण्याहून रजा काढून आला. पानावर बसायला बाळशास्त्रीच मिळत होते, आणि बाळशास्त्रींना उन्हाळ्यातच स्टेंट बसलाय. तीच साखर, तीच तंबाखू, तीच गोळी.

"आई, शिधा दे दो ना. क्या फ़र्क पड़ता है?" केयूर म्हणाला.

मी शिधा काढलाही. मग उकडलेल्या दुधीकडे बघणारं ह्यांचं ते तोंड आठवलं. महिनोन्‌महिने मी त्या माणसाला चवीचा घास दिला नव्हता. जन्मभर दुसऱ्यांच्या बापांसाठी जेवला, आणि त्याच्या वाट्याला कोरडे तांदूळ? मला सोसवेना. आता तरी पोटभर खाऊ दे त्याला, एवढंच मनात होतं. मी उडीद भिजत घातले.

श्राद्धाच्या सकाळी शरदिनी दारात आली आणि माझ्या पायाशी वाकली. "वहिनी, शिधा द्या हो. ह्यांनी आज गोळी घेतली नाही."

तिला वाटलं, मी सूड घेतेय. सूड असता तर तिथंच विरघळले असते. मी तिला उठवलं आणि वड्यांची कढई चढवायला आत गेले.

दुपारी पान मांडलं. बाळशास्त्री मान खाली घालून जेवत होते. शरदिनी उंबऱ्याबाहेर बसली होती, मुठीत गोळी धरून. पानावरचे वडे संपले. ह्यांना वडे फार आवडायचे.

"भाऊजी, अजून वाढू?" मी विचारलं.

बाळशास्त्रींनी दाराकडे पाहिलं. त्यांना नको म्हणता येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी खीर बोटानं बाजूला सारून पानावर जागा केली.

मी दोन वाढले. वर तूप घातलं.