दोनदा गाळलेलं पाणी

कामरगावात ज्ञानचंदांचं किराणा दुकान, दुकानामागे अंगण, अंगणात विहीर. विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून प्यायचं आणि फडक्यात अडकलेले जीव त्याच विहिरीत परत सोडायचे, हा त्या जैन घराचा पणजोबांपासूनचा नेम. या परत सोडण्याला जिवाणी म्हणत. परक्या पाण्यात जीव मरतात, म्हणून ज्या विहिरीचे त्याच विहिरीत. त्यांची बायको तारामती होती तोवर तिनं हे सांभाळलं. ती गेल्यावर ज्ञानचंद शेठनी. गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल, पण किड्यांना घरी पोचवल्याशिवाय शेठ गल्ल्यावर बसत नसत. गाव हसायचं. गावाला काय, हसायला काहीही पुरतं.

त्यांची लेक चेतना अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. दिवाळीला आली तेव्हा ते जीव बाटलीत भरून घेऊन गेली. तिळाहून बारीक, फिकट पांढरे. होळीला परतली ती नाचतच.

"बाबा, आपल्या विहिरीतले जीव दुसरीकडं कुठंच सापडले नाई!"

"असं कसं? समोरच्या गावविहिरीत बी असेच हायेत ना."

"दिसतात तसे. दोन्ही एका भांड्यात ठेवून पाह्यले, सहा खेपा. हे त्यायच्या वाटेले जातच नाई. एक अंडं बी नाई." चेतना पायरीवर बसली. "मूळचे एकच असतीन. पण आपली विहीर खोल, अंधारी, खायले कमी. ज्याले कमी खाऊन जगता आलं, त्याचीच पिल्लं वाढली. तिकडं ऊन, शेवाळ, मासे. तिथं वेगळेच टिकले. अन् तुमी लोकायनं दीडशे वर्सं त्यायले मिसळूच नाई देल्लं. आता हे जोडा बी लावत नाई. नवी प्रजाती झाली, बाबा."

"आमी केली?"

"आईनं. आजीनं. तुमी."

त्या दिवशी साखर घ्यायला आलेल्या माणसालाही शेठनी ही गोष्ट ऐकवली. हे ऐकायला तारामती नाही, याचं त्यांना दिवसभर फार वाईट वाटत राहिलं.

मे महिन्यात आजूबाजूच्या बोअरनी पाणी ओढलं आणि विहिरीत जेमतेम घागरभर उरलं. चेतनाचे कॉलेजातले जीव उन्हानं आधीच मेले होते. तिचा फोन आला. "परीक्षा संपली की येते, पंधरा दिवसांत. तोवर ते पाणी माठात भरून सावलीत ठेवा. अन् बाबा, दुसरा एक बी जीव त्यात जाऊ देऊ नका."

शेठनी माठ देवघराशेजारी ठेवला, वर फडकं बांधलं. दोन दिवसांनी विहीर पार कोरडी पडली. माठाचा धर्मच पाझरायचा. आठव्या दिवशी पाणी निम्म्यावर आलं. जीव तळाशी दाटले. ज्ञानचंदांचा जीव कासावीस झाला. गल्लीत टँकर आला होता. त्यांनी दोन बादल्या भरल्या, फडकं दुहेरी केलं, पाणी एकदा गाळलं, पुन्हा गाळलं. औषधाचा वास आला, तेव्हा त्यांना उलट बरंच वाटलं. स्वच्छ पाणी आहे म्हणाले, आणि माठ काठोकाठ भरला.

चेतना आली ती चप्पल काढून थेट माठाकडे. भिंग लावून बराच वेळ वाकून राहिली.

"बाबा, यात पाणी टाकलं काय?"

"टँकरचं. पण दोनदा गाळून. एक जीव बी जाऊ नाई देल्ला."

"त्यात जंतू मारायचं ब्लिचिंग असते. फडक्यात अडकत नाई ते." तिनं भिंग खाली ठेवलं. "मीच सांगाले पाह्यजे होतं."

"मंग दुसरीकडून आणू. कुठं भेटतीन?"

चेतनानं माठावर फडकं परत बांधलं. ती ओरडली असती तर त्यांना सोसलं असतं. जन्मभर खाली पाहून चाललेल्या, मुंगी चुकवून पाऊल टाकणाऱ्या माणसाच्या हातून एक अख्खी प्रजाती गेली होती.

त्यांनी विचारलं, "तुयी आई असती तर?"

"तिनं बी गाळूनच टाकलं असतं, बाबा."

शेठ उठले. माठातलं पाणी त्यांनी नेहमीसारखं फडक्यातून गाळलं, फडक्यावर राहिलं ते छोट्या बादलीत धुऊन घेतलं आणि बादली विहिरीत सोडली. दोर संपत आला तशी ती तळाच्या दगडावर खणकन आपटली. दोर हातात धरून ते तसेच उभे राहिले, आणि चेतनानं हाक मारली तरी वळले नाहीत.