दोन मॉरिस

डेनिस हॅनिफिन गेला तेव्हा त्याचा पणजोबा सापडायचा राहिलाच होता.

आयर्लंडच्या चर्चमधल्या जुन्या नोंदवह्या २०१५ साली इंटरनेटवर आल्या आणि रिटायर झालेल्या डेनिसला वेडच लागलं. घरात चालत आलेली माहिती इतकीच, की पणजोबा मॉरिस १८४७ च्या दुष्काळात लहान पोर असताना केरीहून जहाजाने कॅनडात आला. बाप डेनिस, आई ऑनोरा. तेवढ्या धाग्यावर तो कॅल्गरीतल्या घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून एकेक पान पुढे सरकवायचा. समोर भाजी चिरत त्याची बायको जयंती थट्टा करायची, "सापडला की त्याला जेवायलाच बोलाव."

नोव्हेंबरात डेनिसचं हृदय थांबलं. तेराव्यानंतर माणसं पांगतात, तशी फ्युनरलनंतर डबे आणून देणारी मंडळीही पांगली. मुलगी अक्षता व्हँकुव्हरला फिल्मच्या कामावर परतली. जयंतीने चाळीस वर्षांपूर्वी डेनिसशी लग्न केलं तेव्हाच साताऱ्याचं माहेर तुटलं होतं. उरलं घर, आणि रोज फावड्याने उपसायचा बर्फ.

जानेवारीत एका दुपारी डेनिसचा एखादा बरा फोटो शोधावा म्हणून तिने त्याचा लॅपटॉप उघडला, तर त्याने पाहिलेलं वहीचं शेवटचं पान तसंच समोर आलं. बंद करायला गेलेलं बोट आपसूक पुढच्या पानावर गेलं.

मग ती रोजच बसू लागली. पानं काळवंडलेली, ओल लागलेली. पाद्र्याचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. त्यात भाषा लॅटिन. 'मॉरिशियस' वाचून तिला आधी वाटलं, हा देश इथे कुठून उगवला? मग उमगलं, हा मॉरिसच. आणि डायोनिशियस म्हणजे डेनिस. त्या वहीत डायोनिशियस पुष्कळ होते. प्रत्येकापाशी ती जरा थबकायची.

फेब्रुवारी सरता सरता सापडला. १८४१. मॉरिशियस, डायोनिशियस हॅनिफिन आणि ऑनोरा कॅव्हना यांचा मुलगा.

"अरे, सापडला!" ती मोठ्याने म्हणाली. मराठीत. फ्रिज तेवढा घुरघुरत होता.

जरा वेळाने, भावंडं मिळाली तर पाहावीत म्हणून ती मागे गेली. १८३७ च्या पानावर पुन्हा तेच आईबाप आणि पुन्हा मॉरिशियस. आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिने चष्मा पुसून परत वाचलं. चूक नव्हती. एका घरात दोन मॉरिस कशाला ठेवील कोणी? पहिला जगला असता तर दुसऱ्याला ते नाव मिळालंच नसतं. त्या वहीत बारशी होती, लग्नं होती; मेलेल्यांची नावं लिहायची तिथे पद्धत नव्हती.

तिने अक्षताला फोन लावला.

"मॉम, दॅट्स अमेझिंग! पण मग आपला कुठला?"

"दुसरा. बोटीतून आला तो."

"अँड द फर्स्ट वन?"

"तोही आपलाच की गं."

पलीकडे कोणीतरी अक्षताला हाक मारली. "मॉम, दे नीड मी. वीकेंडला बोलू, ओके?"

दुसऱ्या दिवशी जयंती ट्रेन पकडून डेनिसच्या चर्चमध्ये गेली. फ्युनरलनंतर ती तिकडे फिरकली नव्हती. इतकी वर्षं ती नेहमी मागच्या बाकावर पाहुण्यासारखी बसायची. आज थेट पुढे गेली. मेणबत्त्यांच्या घडवंचीजवळ एक म्हातारी वितळलेलं मेण खरवडत होती. मेणबत्ती कशी लावायची, तेही जयंतीला ठाऊक नव्हतं. म्हातारीने एक पेटवून तिच्या हातात दिली.

"कोणासाठी?" तिने हळूच विचारलं.

"घरातला मुलगा होता. लहान."

"किती लहान?"

"चारच्या आतला."

"अरेरे. कधी गेला?"

हातातली मेणबत्ती घडवंचीत खोचत जयंती म्हणाली, "मला कालच कळलं."

म्हातारीने मेणाचे हात ॲप्रनला पुसले आणि जयंतीचा हात घट्ट धरला. डेनिस गेल्यावर माणसं पाठीवर थोपटून गेली होती, पण असा हात धरून उभं कोणी राहिलं नव्हतं. फ्युनरलला न आलेलं रडू आता आलं, आणि ते पोराचं की नवऱ्याचं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. म्हातारीने विचारलंही नाही.

बाहेर आली तेव्हा पुन्हा भुरभुर बर्फ सुरू झाला होता. ट्रेनला अवकाश होता. टोपी कानांवर ओढून ती स्टेशनवरच्या हीटरखाली एकटीच उभी राहिली.