रांगेत उभा पाय

चतुराबाईचा डावा पाय गुडघ्याखालून गेला तो कारखान्याच्या ट्रॉलीखाली. ऊस भरून झाला होता, ट्रॉली मागं घेताना ड्रायव्हरचं मागं बघायचं तेवढं राहून गेलं. वर्षभरानं त्याच सहकारी कारखान्याच्या चेअरमननं, म्हणजे आप्पारावांनी, मांडव घातला, शिबिर भरवलं, स्वतःच्या गळ्यात हार घालून घेतले आणि तिला नवा पाय दिला. घेताना गुपचूप घ्यायचं आणि देताना माईक लावून द्यायचं, यालाच आपल्याकडं सहकार म्हणतात.

पाय मोठा देखणा होता. रबरी पंजा, कोरलेली बोटं, बोटांवर नखंसुद्धा. फक्त रंगानं गोरापान, आणि चतुराबाई सावळी. "नशीब काढलंस बाई, लई गोरा पाय मिळाला," असं बायका म्हणायच्या. जणू ती दुकानात बसून चार पाय बघून पसंत करून आली होती.

शिबिरातल्या डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं होतं. पायाचा उरलेला भाग रोज स्वच्छ पाण्यानं धुवायचा, त्यावरचा मोजा रोज धुवायचा, घाम साचू द्यायचा नाही. बिचारा तालुक्याच्या गावाच्या, वडवणीच्या पुढं कधी आला नसावा. इकडं वाडीतल्या हापशातून नुसती हवा येत होती. लोक तोंड धुवायच्या आधी विचार करत होते, आणि हिनं म्हणे मोजे धुवावेत! न धुतलेल्या मोज्यानं फोड यायचे. फोड आले की पाय घालता यायचा नाही, आणि पाय घातल्याशिवाय पाण्याला जाता यायचं नाही. तरीही भिंत धरून, मग काठी धरून, पडत, उठत आणि कारखान्याचा उद्धार करत ती चालायला शिकली. नसलेल्या अंगठ्याला कधीकधी खाज सुटायची. ती कुठं खाजवायची हे मात्र डॉक्टरनं सांगितलं नव्हतं.

नवरा वारलेला, पोरगा आणि सून पुण्याला बांधकामावर. अपघातापासून आप्पारावांचा गडी रोज पिण्यापुरतं एक घागर पाणी तिच्या रांजणात ओतून जायचा. फुकट. फक्त परत जाताना भेटेल त्याला सांगायचा, "चतुरीला पाणी घालून आलो." झाडाला घालतात तसं.

ते पाणी तिच्या घशाखाली उतरेना. तिची आई पाटलाच्या विहिरीपासून लांब, उन्हात, रिकामी घागर घेऊन बसायची. कुणाला दया आली तर वरून ओतायचे, नाही आली तर आई तशीच घरी यायची. लहानपणी तिनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तिला दया नको होती, नंबर पाहिजे होता. चार बायकांचा असतो तसा, रांगेतला, स्वतःच्या घागरीचा.

एक दिवस तिनं गड्याला दारातूनच परत लावून दिलं. "सांग चेअरमनला, पाय दिलाय न्हवं? आता पाण्याला मीच जाईन."

पाणी आप्पारावांच्याच सोसायटीच्या टँकरचं. तो कधी येणार हे ड्रायव्हर रामहरीला ठाऊक, किंवा त्यालाही नाही. घागरी पळवापळवीवरून भांडणं झाल्यावर बायकांनीच नियम केला होता की घागरीपाशी माणूस उभा पाहिजे, नाहीतर घागर बाहेर. बाकीच्यांच्या घरची माणसं आळीपाळीनं उभी राहायची. चतुराबाईची पाळी घ्यायला घरात दुसरं होतं कोण? पहिले दोन दिवस तिनं दात-ओठ खाऊन काढले. तिसऱ्या दिवशी फोडांनी असा जीव घेतला की तिनं सरळ पाय काढला, घागरीशेजारी उभा केला, वाऱ्यानं पडू नये म्हणून भोवती दगड लावले, आणि काठीवर लंगडी घालत समोरच्या बुद्धविहाराच्या पायरीवर सावलीला जाऊन बसली.

मागच्या नंबरची सुंदरबाई खवळली. "हिचं माणूस न्हाई रांगेत. काढा घागर भाईर!"

"माणूस न्हाई, पर पाय हाय की," केशरबाई म्हणाली. ती चतुराबाईची शेजारीण, तोंडानं फटकळ. "आपन तरी रांगेत काय उभं करतो? पायच न्हवं?"

"मग मीच काढते," म्हणत सुंदरबाईनं हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. हातानं धरावा तर चतुरीच्या पाया पडल्यासारखं होणार. लाथेनं सारावा तर पायाला पाय लागला म्हणून वाकून नमस्कार करणं आलं. सुंदरबाईच्या घराण्यात विहारापलीकडच्या बाईला आजवर कुणी वाकलं नव्हतं. ती पदर सावरत मागं सरकली. तिच्यामागच्या बायकांचंही तेच झालं.

तेवढ्यात आप्पारावांची जीप आली, सोबत फोटोवाला. कारखान्याची निवडणूक तोंडावर होती आणि चेअरमननं दिलेल्या पायावर चालणारी गरीब बाई अहवालात छापायची होती. बाई सावलीला बसलेली आणि पाय उन्हात पाण्याला उभा, हे बघून साहेबांचं डोकं फिरलं.

"ही काय थट्टा लावलीय? उचला तो पाय!"

"तुमीच दिलाय, तुमीच उचला," सुंदरबाई म्हणाली.

आप्पाराव तरातरा पुढं गेले, वाकले आणि दोन्ही हातांनी पाय धरला. दगडांत रुतलेला पाय काही निघेना, तेव्हा आणखी वाकले. फोटोवाल्याला शिकवणच होती, साहेब गरिबापुढं वाकले की थांबायचं नाही. त्यानं धडाधड फोटो काढले.

पायरीवरून चतुराबाईनं हात वर केला. "असू द्या, असू द्या, आप्पाराव. सुखी ऱ्हावा."

केशरबाईच्या तोंडून फिस्कन हसू निसटलं आणि सगळी रांग खिदळायला लागली. सुंदरबाईसुद्धा. आप्पारावांनी चटका बसल्यासारखा पाय सोडला. "पुसून टाक बे ते फोटो!" ते फोटोवाल्यावर ओरडले.

टँकर नेमका तेव्हाच आला. रामहरीनं पाइप हातात घेऊन साहेबांकडं बघितलं. "कोणाची भरू?"

"नंबर असंल त्याची भर," म्हणत साहेब जीपमध्ये जाऊन बसले.

चतुराबाई लंगडी घालत रांगेत आली. सुनेपासूनही झाकलेला तो पायाचा तुकडा तिनं भर रांगेत उघडा केला, मोजा ओढला, पाय चढवला. तिला लाज वाटली, पण घागरीत पाण्याचा आवाज व्हायला लागला तशी ती लाज कमी झाली. भरलेली घागर तिनं कमरेवर घेतली.

"दे इकडं, मी आणून टाकते," सुंदरबाई म्हणाली. "तुला झेपायचं न्हाई."

"झेपंल."

खरं तर झेपत नव्हतं. दर पावलाला घागर हिंदकळत होती, एक फोड फुटला होता, आणि गोऱ्या पायावरून पाण्याचे ओघळ धुळीत चालले होते. मागून सुंदरबाईला राहवेना. "अगं, सगळं सांडून चाललंय!"

"सांडू दे," चतुराबाई मागं न बघता म्हणाली. "माझंच हाय."